केसपेपर रद्दीत घालू नका!

लाल विंचू चावला की कोकणात माणसाची आशाच सोडायचे. डॉ. हिंमतराव बावस्कर तेव्हा महाडजवळ बिरवाडीच्या सरकारी दवाखान्यात होते. रात्ररात्र पेशंटच्या उशाशी बसून ते लिहून ठेवायचे: उलटी, दरदरून घाम, गार पडलेले हातपाय, मग फुफ्फुसात पाणी. १९८२ मध्ये हे ‘लॅन्सेट’मध्ये छापून आलं. पुढे रक्तदाबाची साधी गोळी, प्राझोसिन, लागू पडली. शंभरातले तीस-चाळीस दगावायचे, ते एखाद्यावर आलं.

परवा मी एका सरकारी रुग्णालयात सर्पदंशाच्या जुन्या नोंदी मागितल्या. ‘रद्दीत गेल्या,’ म्हणाले.

मित्रांनो, नवीन मशिन जरूर मागू. पण आधी केसपेपर नीट लिहा, जपून ठेवा, ही मागणी करू. संशोधन तिथूनच सुरू होतं. पटतंय का?