बोटभर खैराचं पेन

लाकडी पेन हाताने घडवणाऱ्यांच्या जगात काही नावांना फार मान आहे : आफ्रिकन ब्लॅकवूड, कोकोबोलो, जांभळ्या रंगाचं पर्पलहार्ट, पट्ट्यापट्ट्यांचं झेब्रानो. हौशी मंडळी हे परदेशी तुकडे मोठ्या कौतुकाने मागवतात. कोकणातल्या म्हसळ्यात कुणी हा उद्योग मांडायचं ठरवलं, तर इतकं लांब जायची गरजच नाही. इथल्या डोंगरउतारांवर ऐन, किंजळ, शिसव, खैर आहेत, आणि पेनाला लागतं जेमतेम बारा-तेरा सेंटिमीटर लांब, दोन सेंटिमीटर जाड लाकूड.

शिसवीचंच बघा. एकोणिसाव्या शतकात युरोपीय दिवाणखान्यांत ‘बॉम्बे ब्लॅकवूड’ म्हणून मिरवलेलं नक्षीदार फर्निचर पश्चिम घाटातल्या शिसवीचंच होतं. तिकडे ज्याचं अप्रूप, त्या लाकडाचे इकडे झोपाळे नि देव्हारे होत. आफ्रिकन ब्लॅकवूड आणि कोकोबोलो हीसुद्धा शिसवीचीच भावंडं. तोड इतकी झाली, की 2 जानेवारी 2017 पासून हे अख्खं कुळ वन्य प्राणी-वनस्पतींच्या व्यापाराचं नियमन करणाऱ्या ‘साइट्स’ कराराखाली आलं. ब्राझीलच्या शिसवीवर तर 1992 पासूनच कडक बंधनं आहेत.

खैर मात्र कोकणाच्या रोजच्या ओळखीचा. त्याच्या तांबड्या गाभ्याच्या ढलप्या उकळून कात निघतो, आणि कातकरी समाजाचं नावच या कामावरून पडलेलं आहे. पानाच्या विड्यापलीकडे या लाकडाचा विचार फारसा होत नाही, याचं वाईट वाटतं. साग घनमीटरला साधारण साडेसहाशे किलो भरतो. खैर त्याहून कितीतरी जड आणि चिवट, त्यामुळे लेथवरच्या बारीक कामातही त्याची कड सहसा तुटत नाही. गाभ्याचा लाल-तपकिरी रंग आणि सालीलगतचा फिकट पिवळा पट्टा दोन्ही एकाच तुकड्यात साधले, तर वेगळ्या सजावटीची गरज नाही.

पण म्हणून झाडाला कुऱ्हाड लावायची नाही. महाराष्ट्र वृक्षतोड (विनियमन) अधिनियम, 1964 च्या यादीत खैर, ऐन, किंजळ आहेत, आणि झाड स्वतःच्या जागेत असलं तरी तोडायला परवानगी लागते. पेनवाल्याने वखारीतले नि सुताराकडचे उरलेले तुकडे पाहावेत. 3 जून 2020 ला ‘निसर्ग’ चक्रीवादळ श्रीवर्धनजवळ किनाऱ्यावर आलं, तेव्हा म्हसळ्यासह या पट्ट्यात आंब्या-फणसांची जुनी झाडं आडवी झाली. फणसाच्या ज्या पिवळ्या गाभ्याचा दक्षिणेत मृदंग होतो, तो चुलीत जाण्याआधी त्यातली एक फळी बाजूला काढून ठेवणं काही अवघड नाही.

खरी परीक्षा हवेची. पावसाळ्यात तीन हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस घेणाऱ्या या मुलखात लाकूड दमट राहतं. तसंच ते कातलं आणि पेन पुण्या-मुंबईच्या एसी कार्यालयात गेलं, की लाकूड आकसतं. पेनाच्या आत बसवलेली पितळी नळी आकसत नाही, म्हणून वरून उभी चीर जाते. यासाठी तुकडे टोकांना मेण लावून सावलीत महिनोन्‌महिने वाळवायचे. मग लांबीत आरपार भोक पाडायचं. साध्या पेनाला ते सात मिलिमीटरचं, आणि इथे ड्रिल घाईने दाबलं की गरम होऊन लाकूड उकलतं. नळी चिकटवून दोन्ही टोकं काटकोनात घासली, की तुकडा लेथवर चढतो. धारदार पटाशीने चौकोनाचा गोल होतो, मग काचपेपर, खरखरीतापासून बारकापर्यंत. शाईपेन करायचं असेल तर शाई लाकडाला लागू द्यायची नाही. बोटांच्या पकडीचा भाग एबोनाइटचा, म्हणजे कडक रबराचा घेतलेला बरा.

चकाकीसाठी बहुतेक जण हल्ली झटपट सुकणारा गोंद चढवतात. त्याने पेन टिकतं खरं, पण हाताला प्लास्टिक लागतं. त्यापेक्षा सावंतवाडीच्या खेळण्यांची लाख उजवी. फिरत्या लाकडावर लाखेची कांडी दाबायची, घर्षणाच्या उष्णतेने ती वितळून पसरते. कर्नाटकात चन्नपट्टणचे कारागीर त्यावर केवड्याचं पान घासून झळाळी आणतात. केवडा कोकणच्या किनाऱ्यावरही उगवतो.