ट्रंकेतली गाणी



मागच्या महिन्यात वाशीमच्या एका घरी पुण्यानुमोदनाला गेलो होतो. गेलेले आजोबा एकेकाळी गायन पार्टीत हार्मोनियम वाजवायचे. कार्यक्रम आटोपल्यावर सहज विचारलं, "बाबांची कॅसेटींची ट्रंक कुठं आहे?" सूनबाई म्हणाल्या, "भाऊ, भंगारवाल्याला देली. घरात टेपच नाही, तर ठेवून काय करता?" एक वही तेवढी उरली होती. तिच्या मागच्या पानांवर किराण्याचा हिशोब होता आणि पुढच्या पानांवर वामनदादांची गाणी!

त्या माउलीला दोष देऊन उपयोग नाही. ती ट्रंक काय होती, हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं.

वामनदादा कर्डक १९२२ साली सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीत जन्मले. मुंबईत मजुरी करताना कुणीतरी त्यांच्याकडं पत्र वाचायला दिलं. वाचता येईना, म्हणून ते रडले. मग देहलवी मास्तरांकडून अक्षरं शिकले. त्यांचं पहिलं गाणं १९४३ सालचं, तेही एका हिंदी सिनेमातल्या गाण्याचं विडंबन! अशा गमतीच्या गाण्यापासून सुरुवात करणारा हा माणूस पुढं गावोगाव फिरून हजारो गाणी लिहिता झाला.

आता हिशोब करा. पहिलं गाणं १९४३ चं आणि 'वाटचाल' हा संग्रह १९७३ चा. मधली तीस वर्षं ही गाणी राहिली कुठं? लोकांच्या कंठात आणि अशाच वह्यांत. पुढं घरोघरी टेपरेकॉर्डर आले, तेव्हा जयंतीच्या रात्री मंचासमोर टेप ठेवून लोकांनी गाणी भरून घेतली. त्यात कुत्री भुंकतात, मध्येच लाईट जाते, कुणी बक्षिसाचे पाच रुपये पुकारतो. ते दुकानात मिळणाऱ्या कॅसेटीत नसतं. अशी टेप जपणाऱ्याला आपण वेडा म्हणतो. पण आपला इतिहास त्याच्याच ट्रंकेत आहे.

आणखी एक गोष्ट. शेवटच्या कडव्यात कवीचं नाव येतं. वेळ कमी पडला की गायक नेमकं तेच कडवं गाळतो. गाणं राहतं आणि लिहिणारा हरवतो. वहीत मात्र ते कडवं सापडतं.

तेव्हा एवढं करा. कॅसेटी ओल, ऊन आणि स्पीकरच्या लोहचुंबकापासून दूर, उभ्या ठेवा. मागच्या कडेचे दोन्ही छोटे तुकडे मोडा, म्हणजे चुकून त्यावर दुसरं भरलं जाणार नाही. बुरशी दिसली तर टेपमध्ये घालू नका. फीत सैल झाली असेल तर पेन्सिलीनं हळूच ताणून घ्या. टेपपासून कॉम्प्युटरला वायर जोडून गाणी उतरवा. वहीचं पान न् पान दिवसाच्या उजेडात मोबाईलवर टिपा. गायक, गाव, साल आणि कुणाच्या घरची वही, हे लगेच लिहा. आठवण माणसाबरोबर जाते.

त्या घरची वही मी मागून आणली नाही. नातीलाच बसवलं, तिच्याकडून पहिलं गाणं वाचून घेतलं आणि वही तिच्या दप्तरात ठेवली.

या रविवारी आपापल्या घरची ट्रंक उघडा.