गोलरक्षकाचा पाय

१९६४ च्या टोकियो ऑलिम्पिकमध्ये हॉकीचा अंतिम सामना भारत आणि पाकिस्तान यांच्यात झाला. मोहिंदर लाल यांनी पेनल्टी स्ट्रोकवर केलेला एकच गोल, आणि बाकी सगळी भिस्त गोलात उभ्या असलेल्या शंकर लक्ष्मण यांच्यावर. सुवर्णपदक आपल्याकडे आले. १९५६ च्या मेलबर्नला सुवर्ण, १९६० च्या रोमला रौप्य आणि १९६४ ला पुन्हा सुवर्ण, अशा सलग तीन ऑलिम्पिक पदकविजेत्या संघांत हा गोलरक्षक होता. मेलबर्नला तर भारताने ३८ गोल केले आणि एकही गोल करू दिला नाही. १९६६ च्या बँकॉक आशियाई स्पर्धेत ते कर्णधार होते, तिथेही सुवर्ण. पुढे पद्मश्री.

आपल्याकडे हे नाव फारसे कुणाला आठवत नाही. खरे तर आठवायला हवे होते. जन्म १९३३ चा, महूचा. तेच महू, जिथे बाबासाहेब जन्मले. लष्कराच्या बँडमध्ये पोरवयात भरती झालेला हा मुलगा मराठा लाइट इन्फंट्रीतून १९७९ मध्ये कॅप्टन म्हणून निवृत्त झाला.

२९ एप्रिल २००६ रोजी महूलाच त्यांचे निधन झाले. एका पायाला गँग्रीन झाले होते.

हॉकीचा चेंडू साधारण १६० ग्रॅमचा, दगडासारखा टणक. त्या काळी गोलरक्षकाच्या डोक्याला शिरस्त्राण नसे, पण पायाला जाड पॅड आणि बुटावर चढवायचे किकर असत, कारण बहुतेक चेंडू पायानेच अडवावे लागत. म्हणजे सगळ्या संघात ज्याच्या पायांची सर्वांत जास्त काळजी घेतली जात होती, त्या माणसाचा शेवट पायाच्या आजारात झाला. त्यांच्या आजारपणाचे कागद मी पाहिलेले नाहीत, त्यामुळे त्यांच्या उपचारांबद्दल काही बोलणार नाही. पण 'गँग्रीन' हा शब्द बीड जिल्ह्यातल्या सरकारी दवाखान्यात मला जितक्या वेळा लिहावा लागतो, तितक्या वेळा तो लिहायची गरज नाही, एवढे मात्र ठामपणे सांगू शकतो.

पाय काळा पडतो तो रक्त पोहोचत नाही म्हणून. मधुमेहात दोन गोष्टी एकदम होतात. रक्तवाहिन्या अरुंद होतात, आणि त्याआधीच बऱ्याचदा पायाच्या नसा बधिर होतात. दुसरी गोष्ट जास्त घातक, कारण ती कळत नाही. "सायेब, चप्पल कव्हा चावली ते कळलंच नाही बघा," हे वाक्य मी आठवड्यातून एकदा तरी ऐकतो. दुखत नाही म्हणून माणूस त्याच जखमेवर चालत राहतो. हळद लावतो, चुना लावतो, कुणी तरी सांगितले म्हणून बिडीची राख भरतो. वास यायला लागला की घरचे घेऊन येतात.

बिडीवरून आठवले. तिशी-पस्तिशीतला गडी, साखर अगदी व्यवस्थित, आणि पायाचे बोट काळे. हा बर्गरचा आजार, तंबाखूचा थेट हिशेब. यात औषधांपेक्षा बिडी पूर्ण सोडण्याचा उपयोग जास्त. 'कमी केली' म्हणून भागत नाही. दिवसाला दोन ओढणाऱ्याचाही आजार पुढे सरकतो. हे सांगितले की बिडी ओढणारा मान हलवतो आणि बाहेर जाऊन पेटवतो.

भारतात मधुमेहाचे १० कोटींहून अधिक रुग्ण आहेत, असे भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या पाहणीत दिसले. हा शहरी, सुखवस्तू माणसाचा आजार राहिलेला नाही. आमच्या ओपीडीत ऊसतोडीला जाणारी माणसे असतात. दिवाळीच्या आगेमागे ती कारखान्यावर जातात आणि उन्हाळ्याच्या तोंडाला परततात. गोळ्या महिन्याभराच्या दिलेल्या असतात. पुढच्या चार-पाच महिन्यांचे काय, ते कुणी विचारत नाही. फडात पाचट, उसाची टोकदार बुडखे, कोयता, आणि पायात झिजलेली स्लीपर. बधिर पायासाठी याहून वाईट जागा शोधून सापडणार नाही.

मग माझे म्हणणे काय? आपण मधुमेहाच्या रुग्णाचे बोट टोचतो, दंडाला पट्टा बांधतो, आणि पायाकडे बघतच नाही. रुग्ण चप्पल बाहेर काढून येतो, तरीही बघत नाही. गर्दीत एकेकाला दोन मिनिटे मिळतात हे मला ठाऊक आहे, मीही त्याच गर्दीत बसतो. पण पाय बघायला डॉक्टरच लागतो असे नाही. आशाताई, परिचारिका, घरातली सून, कुणीही बघू शकते.

इंग्लंडमधल्या इप्सविच गावाच्या नावाने एक तपासणी ओळखली जाते. तिला काहीही साहित्य लागत नाही. रुग्णाला डोळे मिटायला सांगायचे. दोन्ही पायांचे अंगठा, मधले बोट आणि करंगळी, अशा सहा ठिकाणी आपल्या तर्जनीने एक-दोन सेकंद हलकेच स्पर्श करायचा. दाबायचे नाही, टोचायचे नाही, घासायचे नाही. सहापैकी दोन किंवा अधिक स्पर्श कळले नाहीत तर पाय धोक्यात आहे असे समजायचे. रक्तपुरवठ्यासाठी पायाच्या वरच्या बाजूला आणि आतल्या घोट्यामागे नाडी लागते का ते बघतात. ते मात्र शिकलेल्या हाताने करावे.

पाय बधिर निघाला तर पुढे काय, याचेही उत्तर आपल्याच देशात आहे. वेल्लोरला डॉ. पॉल ब्रँड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कुष्ठरुग्णांच्या बाबतीत हे ओळखले होते, की बोटे झडतात ती मुख्यतः वेदना कळत नाही म्हणून. मऊ रबराच्या तळाची एमसीआर चप्पल तेव्हापासून वापरात आहे आणि कुष्ठरोग कार्यक्रमात ती सरकार मोफत देते. मधुमेहाच्या बधिर पायाला नेमकी हीच चप्पल लागते. मग ती एका आजाराला मिळते आणि दुसऱ्याला का मिळत नाही? लोक ती घालायला लाजतात, हेही खरे. 'महारोग्याची चप्पल' म्हणतात. रंग बदला, पट्टा बदला, हवे तर नाव बदला. पण द्या.

लाजेचा हा प्रश्न तसा जुना आहे. बर्फावरच्या हॉकीत कॅनडाचा गोलरक्षक जॅक प्लांट याच्या तोंडावर १ नोव्हेंबर १९५९ रोजी न्यूयॉर्कच्या सामन्यात चेंडूसारखी वापरली जाणारी टणक चकती बसली. टाके घालून आल्यावर 'मुखवटा घालू दिला तरच खेळेन' असे तो अडून बसला. प्रशिक्षकाचा विरोध होता; मुखवटा म्हणजे भित्रेपणा, अशी तेव्हाची समजूत. आज मुखवट्याशिवाय कुणी त्या गोलात उभा राहत नाही.

एक गोष्ट शस्त्रक्रियेबद्दल. "बोट काढा म्हणाल, मग पाय काढा म्हणाल" या भीतीने लोक दवाखाना टाळतात. कोरडे, सुकलेले काळे बोट काही दिवस थांबू शकते. पण सूज, पू, दुर्गंधी आणि ताप असेल तर तासांचा हिशेब असतो, तिथे बोट वाचवायच्या नादात पाय जातो आणि कधी माणूसही. आजीला मी सरळ सांगतो, की आज एक बोट दे, मग तू स्वतःच्या पायाने घरी जाशील. रक्तवाहिन्यांच्या तज्ज्ञासाठी इथून बहुधा छत्रपती संभाजीनगर किंवा पुणे गाठावे लागते. त्या प्रवासासाठीही पाय लवकर दाखवलेला बरा.

गर्भाशयाच्या शस्त्रक्रियांचा विषय २०१९ मध्ये गाजला, तेव्हापासून ऊसतोड बायकांची जाण्याआधी आणि परतल्यावर आरोग्य तपासणी व्हावी अशी चर्चा आहे. त्या तपासणीच्या कागदावर पायांसाठी एक ओळ वाढवायची आहे, पुरुषांनाही त्यात धरायचे आहे, आणि गोळ्या महिन्याच्या नव्हे तर हंगामाच्या द्यायच्या आहेत. टोळ्या निघायच्या आत हे व्हायला हवे. एकदा ट्रॅक्टर भरला की मग आमच्या हाती काही उरत नाही.