औषधविक्रेता कीं औषधज्ञ?

घरांत कोणास ताप आला कीं कोपऱ्यावरील औषधांच्या दुकानीं जावें, ‘कांहीं तरी द्या’ म्हणावें, आणि तेथील पोऱ्यानें चार गोळ्या कागदांत बांधून द्याव्या, हा व्यवहार आपल्या अंगवळणी पडला आहे. फार्मासिस्ट म्हणजे शिकलेला औषधज्ञ. त्याचा सल्ला ही याहून अगदीं निराळी गोष्ट होय. इंग्लंडांतील व्यवस्था या दृष्टीनें पाहण्याजोगी आहे.

तेथें २००६ सालापासून विशेष शिक्षण घेतलेल्या औषधज्ञास स्वतःच्या जबाबदारीवर औषध लिहून देतां येतें. २०१३ सालीं तोच अधिकार फिजिओथेरपिस्टांसही कायद्यानें मिळाला. ३१ जानेवारी २०२४ पासून तर घसादुखी, नागीण, मुलांच्या कानाचा दाह, चिघळलेला कीटकदंश इत्यादि सात विकारांवर, डॉक्टरांकडे न जातां, औषधांच्या दुकानींच तपासून औषध मिळूं लागलें. वयाच्या मर्यादा ठरलेल्या आहेत. मूत्रमार्गाच्या दाहावरील औषध १६ ते ६४ वर्षांच्या स्त्रियांसच मिळतें, आणि धोक्याचें लक्षण दिसल्यास रुग्णास डॉक्टरांकडे धाडावें लागतें. डॉक्टरांची भेट मिळण्यास लागणारा विलंब हें या योजनेचें एक कारण होय, हें लपविण्यांत अर्थ नाहीं.

परंतु आमच्या मतें खरा लाभ डॉक्टरांच्या दवाखान्यांतच नेमलेल्या औषधज्ञांपासून आहे. वृद्ध रुग्णाच्या सर्व गोळ्या समोर मांडून, कोणती कशासाठीं आणि कोणती आतां नको, हें ते पाहतात. एकत्र कुटुंबांतील गृहिणींस याचें महत्त्व सांगावयास नको. मामंजींच्या डब्यांत हृदयाच्या गोळ्या एका डॉक्टरांच्या, मधुमेहाच्या दुसऱ्यांच्या, गुडघ्यांसाठीं कोणा स्नेह्यानें सुचविलेल्या तिसऱ्याच! कित्येकदां एकच औषध दोन निराळ्या नांवांनीं दोनदां पोटांत जातें. रक्तदाबावरील ‘प्रिल’ शेवट असणारें एखादें औषध, लघवी वाढविणारी गोळी आणि त्यांवर गुडघेदुखीसाठीं आयब्युप्रोफेन, हीं तिन्ही एकदम चालू राहिल्यास मूत्रपिंडांस इजा होऊं शकते. त्यांत जुलाब लागले तर अधिकच. प्रत्येक गोळी आपापल्या जागीं योग्य असेल. त्या सर्व एकत्र पाहणारा मात्र घरांत कोणी नसतो.

आपल्याकडे १९४८ चा फार्मसी कायदा औषधज्ञास डॉक्टरांच्या चिठ्ठीवरून औषध देऊं देतो, चिठ्ठी लिहूं देत नाहीं. २०१५ च्या नियमांनीं रुग्णास समजावून सांगणें हेंही त्याचें काम ठरविलें आहे. तें किती दुकानीं घडतें, हें वाचकांनींच पाहावें. इंग्लंडची पद्धत येथें जशीच्या तशी आणावी, असें आम्ही म्हणणार नाहीं. जेथें गोळी विकण्यांत नफा, तेथें ती लिहिण्याचा अधिकार त्याच हातीं देणें धोक्याचें. खुद्द इंग्लंडांतही लिहिणें व देणें हीं कामें शक्यतों निराळ्या माणसांनीं करावीं, असाच संकेत आहे.

तोंवर वडील माणसांच्या सर्व औषधांची, काढे-चूर्णें धरून, मूळ द्रव्यांच्या नांवांनिशीं एक यादी करावी आणि ती प्रत्येक डॉक्टरांस व दुकानांतील नोंदलेल्या औषधज्ञास दाखवावी. तो स्वतः हजर आहे काय, हें विचारण्यास संकोच नको. यादी पाहून शंका आली तरी चालू गोळी डॉक्टरांस विचारल्यावांचून बंद मात्र करूं नये.