चोणकाची खरेदी आणि हॉटेलांची जबाबदारी

गोव्यात चोणकाला जो मान आहे तो इसवणाखेरीज दुसऱ्या मासळीला क्वचितच लाभतो. रायगडात ज्याला जिताडा म्हणतात, ऑस्ट्रेलियात ज्याचे नाव बॅरामुंडी आणि आमच्या हॉटेलांच्या मेनूवर जो ‘सी बास’ म्हणून छापला जातो, तो हाच. घरोघरी तो आजही चोणकच आहे. परंतु घरातला चोणक दिवसेंदिवस दुर्मीळ होत चालला असून हॉटेलांच्या शीतपेट्यांत मात्र त्याची रास पडते, हे आम्ही उघड्या डोळ्यांनी पाहत आहोत.

हॉटेलवाल्यांनी चोणक घेऊ नये, असे आमचे म्हणणे नाही. आमची तक्रार ते तो कसा घेतात याबद्दल आहे. त्यांना हवा असतो मोठा मासा. त्याच्या तुकड्या रुंद पडतात, ताट भरल्यासारखे दिसते आणि साफ करण्याची मजुरीही वाचते. परंतु चोणक हा विलक्षण मासा आहे. तो प्रथम नर म्हणून वयात येतो आणि पुढे काही वर्षांनी मादी होतो. चार किलोंच्या पुढचा चोणक बहुधा मादी असतो आणि तिच्या पोटात लाखोंनी अंडी असतात. नदीत व खाजनात वाढलेले हे मासे पावसाळ्याच्या सुमारास अंडी घालण्यासाठी खाऱ्या पाण्याकडे, नदीच्या मुखाशी उतरतात. नेमका तेव्हाच मोठ्या चोणकाला चढा भाव देणे म्हणजे पुढल्या वर्षांची मासळी आजच तव्यावर टाकणे होय. १ जून ते ३१ जुलै ही बंदी यांत्रिक होड्यांना आहे. गिऱ्हाइकाच्या आणि हॉटेलच्या हावेला ती लागू नाही.

याला उपाय नाही असे नव्हे. चेन्नईच्या केंद्रीय निमखारे जलजीवपालन संस्थेने १९९७ मध्ये चोणकाचे कृत्रिम प्रजनन यशस्वी केले. तेव्हापासून त्याची बीजपैदास आणि तळ्यांतून, पिंजऱ्यांतून संगोपन या गोष्टी आपल्या देशात नव्या राहिलेल्या नाहीत. किलो-सव्वा किलोचा असा पाळलेला चोणक हॉटेलांनी घ्यावा. त्याला नदीच्या चोणकाची चव नाही, असे खवय्ये म्हणतील आणि त्यांत तथ्यही आहे. मग मेनूवर ‘पाळलेला’ असे सरळ लिहावे आणि भाव त्याप्रमाणे ठेवावा. आज काही ठिकाणी मूळच्या मेकाँगच्या खोऱ्यातला बासा तळून त्यावर नाव मात्र बासचे लावले जाते. नावांत साम्य असले तरी कुळांत नाही. बासा हा मांजरमाशांच्या जातीतला. ही शुद्ध फसवणूक आहे आणि अन्न व औषध प्रशासनाने तिच्याकडे कानाडोळा करू नये.

खरेदी करणाऱ्याने अख्खा मासा घ्यावा. कल्ले लालभडक, डोळे स्वच्छ व फुगीर, बोट दाबताच मांस परत वर येणारे आणि वास समुद्राचा, एवढे आमच्या आयाबायांना कोणी शिकवावे लागले नाही. सोललेल्या, कातडी काढलेल्या तुकड्यांत यांतले काहीच दिसत नाही. २०१८ च्या जुलैत मडगावच्या घाऊक बाजारातील फॉर्मेलिनच्या संशयाने केवढा गदारोळ उडाला आणि सरकारला परराज्यांतील मासळीची आवक काही दिवस कशी थांबवावी लागली, हे वाचक विसरले नसतील. अख्ख्या चोणकातून निव्वळ मांस निम्म्याहूनही कमी निघते, म्हणून व्यवस्थापक कुरकुरतात. पण डोके आणि काटे टाकायचे कोणी सांगितले? चोणकाच्या डोक्याच्या हुमणासाठी जीव टाकणारे लोक या राज्यात कमी नाहीत.

आणखी एक गोष्ट सैपाकघरातली. गोठवलेला मासा बादलीतल्या पाण्यात सोडून दिवसभर ठेवणे आणि उरलेला रात्री पुन्हा गोठवणे हा प्रकार सर्रास चालतो. तो आदल्या रात्री शीतपेटीच्या खालच्या कप्प्यात ठेवून सुटू द्यावा. जाड तुकडीला मीठ, हळद व आमसुलाचे आगळ लावून सुटलेले पाणी निपटावे, मग रवा लावून मंद आचेवर तळावी. मोठ्या आचेवर रवा करपतो आणि मधला भाग कच्चा राहतो; वर लिंबाची फोड ठेवून ते झाकत नाही.

हॉटेल व्यावसायिकांनी एकत्र बसून एक ठराव करावा: जून ते ऑगस्ट या तीन महिन्यांत चार किलोंवरचा नदीचा चोणक आम्ही घेणार नाही. मच्छीमारी खात्याने या मोसमात नदीमुखांवर आणि मानशींवर नजर ठेवावी आणि पाळलेल्या चोणकाचे बीज गोव्यातल्या खाजनधारकांना वेळेवर व परवडेल अशा दरात मिळेल, हे पाहावे. यंदाचा पावसाळा येण्यापूर्वीच हे व्हावयास हवे.