विमान आपलं, इंजिन कुणाचं?

लढाऊ विमानं हा आपल्याकडे क्रिकेटसारखा विषय आहे. राफेल भारी की सुखोई, यावर ऑफिसच्या कँटीनमधे कोणीही अर्धा तास बोलतो. वेग, पल्ला, मिसाईल्स, सगळं पाठ! पण इंजिन कुणाचं, एवढं विचारा. चर्चा तिथेच संपते.

माझं म्हणणं सरळ आहे. आपल्या लढाऊ विमानांचा साठ-पासष्ट वर्षांचा इतिहास म्हणजे न बनवलेल्या इंजिनाचा इतिहास. आणि 'सरकारी काम, असंच चालायचं' म्हणून आपण इंजिनीअर लोकांनी हात झटकणं ही शुद्ध पळवाट आहे.

जून १९६१ घ्या. १७ तारखेला बंगलोरला भारतात विकसित झालेलं पहिलं जेट लढाऊ विमान 'मारुत' उडालं. २३ तारखेला साताऱ्याला देशातली पहिली सैनिक शाळा सुरू झाली. मधे फक्त सहा दिवस. साताऱ्याची शाळा आजही अधिकारी घडवते आहे. मारुत १९९० पर्यंत संपलं. का? डिझाइन होतं जर्मनीच्या कुर्ट टँकचं, म्हणजे सांगाड्यात खोट नव्हती. पण ज्या ब्रिटिश ऑर्फियस १२ इंजिनावर ते बेतलं होतं, ते पूर्ण करायला लागणारा पैसा आपण दिला नाही. मग कमी ताकदीचं ऑर्फियस ७०३ बसवलं. आवाजाच्या दुप्पट वेगाचं स्वप्न आवाजाच्या वेगापाशीच अडकलं. १९७१ च्या युद्धात ते राजस्थान आघाडीवर लढलंही, पण पुढची आवृत्ती आलीच नाही.

मग मिग-२१. देवराष्ट्र्याचे (आज सांगली जिल्हा) यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री असताना ओझरला मिगचा कारखाना उभा राहिला आणि इंजिनाचा कोरापुटला. दोन्ही लायसन्सवर. लायसन्स म्हणजे काय? ड्रॉइंग मिळतं, ते ड्रॉइंग तसंच का आहे, हे मिळत नाही. मिग-२१ सप्टेंबर २०२५ मधे निवृत्त झालं तेव्हा सगळ्यांनी हळहळ व्यक्त केली. साठ वर्षांत त्यातून आपण काय शिकलो, हे कोणी विचारलं नाही.

आता तेजस. त्याच्यासाठी 'कावेरी' इंजिन १९८९ मधे मंजूर झालं, ३८३ कोटींचं. वजन वाढलं, ठरलेला जोर मिळाला नाही, आणि २००८ मधे तेजसपासून त्याची फारकत झाली. चुका झाल्याच. पण हे इंजिन हवेत तपासायला आपल्याकडे उडती प्रयोगशाळा नव्हती, म्हणून २०१० मधे ते रशियाला न्यावं लागलं. टेस्ट एन्व्हायर्नमेंट परदेशात ठेवून प्रोजेक्ट वेळेत पूर्ण करा असं आपल्याला कोणी सांगितलं, तर आपण त्याच दिवशी रेझ्युमे अपडेट करू :)

यावर एक ठरलेला युक्तिवाद येतो: 'विकत घ्या ना, स्वीडनचं ग्रिपेनही अमेरिकन इंजिनावरच उडतं.' बरं. १९९८ च्या पोखरणनंतर अमेरिकेने निर्बंध घातले आणि तेजसच्या फ्लाइट कंट्रोल सॉफ्टवेअरवर तिथे काम करणाऱ्या आपल्या इंजिनीअरांना घरी पाठवलं. त्यांनी ते काम इथे पूर्ण केलं आणि ४ जानेवारी २००१ ला तेजस उडालं. सॉफ्टवेअर जमलं. इंजिन मात्र अमेरिकेचंच. म्हणून २०२१ मधे मागवलेल्या ९९ इंजिनांतलं पहिलं यायला मार्च २०२५ उजाडला. ग्रिपेनला असं कधी थांबावं लागलं, तर स्वीडनच्या उंबरठ्यावर दोन अण्वस्त्रधारी शेजारी उभे नसतात.

आणि हा आपल्या मुलखाचा विषय नाही असं समजू नका. आज जिला आपण एचएएल म्हणतो, ती कंपनी डिसेंबर १९४० मधे बंगलोरला काढली ती सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांनी. त्यांचं नाव लावणारं इंजिनीअरिंग कॉलेज सांगलीत आहे. तिथे आणि आपल्या सगळ्याच कॉलेजांत आज मेकॅनिकलची पोरं शेवटच्या वर्षी कोडिंग शिकतात, कारण पॅकेज तिथे आहे. पोरांचा दोष नाही. टर्बाइनचं पातं घडवायला वीस वर्षं पगार देणारा आणि वितळलेल्या पात्यांचा हिशोब शांतपणे ऐकणारा मालकच देशात नाही.

लक्ष्मणराव किर्लोस्करांचे लोखंडी नांगर सुरुवातीला खपत नव्हते. लोखंडाने जमीन नासते असं शेतकरी म्हणत. तेव्हाच त्यांनी दुकान बंद केलं असतं, तर १९१० मधे किर्लोस्करवाडी झाली नसती.

२०२५ मधे फ्रान्सच्या साफ्रानबरोबर नवं इंजिन बनवण्याची घोषणा झाली आहे. त्यात दोनच गोष्टी बघा. ड्रॉइंगमागचं 'का' आपल्याला मिळणार का, आणि चाचणीची सोय इथे होणार का. नसेल, तर तो पुन्हा ओझर-कोरापुटच आहे, फक्त महाग. आणि पहिली दोन-चार इंजिनं फुटली, तर 'पैसे पाण्यात' असा मेसेज फॉरवर्ड करू नका. इंजिनं फुटतातच. साताऱ्याहून निघालेला पोरगा त्या विमानात बसण्याआधी ती जमिनीवर फुटलेली बरी.