लांडग्याचा वंश आणि आजचे तुर्की जग

२ जुलै २०२४ रोजी जर्मनीतील लाइपझिग शहरात युरोपीय अजिंक्यपद फुटबॉल स्पर्धेतील तुर्कस्तान विरुद्ध ऑस्ट्रिया हा सामना रंगला. तुर्कस्तानच्या मेरिह देमिरलने आपला दुसरा गोल नोंदविल्यावर दोन्ही हातांच्या बोटांनी लांडग्याच्या मुखाचा आकार केला. युरोपीय फुटबॉल महासंघाने त्याला दोन सामन्यांसाठी निलंबित केले, जर्मनी आणि तुर्कस्तान यांनी एकमेकांच्या राजदूतांना पाचारण केले आणि अध्यक्ष एर्दोगान पुढचा सामना पाहण्यासाठी थेट बर्लिनमध्ये दाखल झाले. तो सामना तुर्कस्तान हरला. मात्र बोटांच्या एका खुणेवरून दोन देशांत निर्माण झालेला तणाव सामन्याच्या निकालापेक्षा अधिक काळ लक्षात राहिला.

जर्मनीच्या दृष्टीने ही खूण ‘करडे लांडगे’ या अतिउजव्या तुर्की संघटनेची आहे. ऑस्ट्रियाने २०१९ मध्ये तिच्यावर बंदी घातली, तर फ्रान्सने २०२० मध्ये त्या संघटनेलाच बेकायदा ठरविले. तुर्कस्तानचे म्हणणे असे की, लांडगा हे समस्त तुर्की लोकांचे प्राचीन राष्ट्रीय प्रतीक आहे. दोन्ही दाव्यांत तथ्य आहे, आणि म्हणूनच हा वाद समजून घ्यायचा तर सुमारे पंधराशे वर्षे मागे, मध्य आशियाच्या गवताळ प्रदेशात जावे लागते. या लांडग्याचा माग आशिना नावाच्या एका राजकुळापर्यंत पोहोचतो.

चिनी बखरींत या कुळाची जन्मकथा आली आहे. शत्रूंनी एका टोळीचा समूळ संहार केला. हातपाय तोडलेला एक मुलगा तेवढा वाचला. एका लांडगीने त्याला जगविले आणि पुढे तिच्या पोटी दहा पुत्र जन्मले. त्यांपैकी एक आशिना. रोमच्या रोम्युलस आणि रेमस यांच्या कथेची आठवण करून देणारी ही दंतकथा आशिनांनी अभिमानाने मिरविली. त्यांच्या ध्वजावर सोन्याचे लांडग्याचे शिर असे. दंतकथा बाजूला ठेवली तर इतिहास असा आहे की, अल्ताई पर्वतराजीत लोखंड गाळणारे हे कुळ रौरान या बलाढ्य भटक्या सत्तेचे मांडलिक होते. कुळप्रमुख बुमिन याने रौरान राजकन्येला मागणी घातली, तेव्हा ‘आमच्या लोहार गुलामाची ही हिंमत!’ अशा आशयाचे उत्तर त्याला मिळाले. अपमानित बुमिनने चीनमधील पश्चिम वेई राजवटीशी सोयरीक जोडली आणि ५५२ मध्ये रौरानांचा पाडाव करून स्वतःला खगान घोषित केले. ‘तुर्क’ हे नाव एका साम्राज्याचे नाव म्हणून जगासमोर आले ते येथून.

बुमिन त्याच सुमारास मरण पावला. पूर्वेकडे त्याच्या मुलांनी, विशेषतः मुकान खगानाने, सत्ता विस्तारली, तर पश्चिमेकडे भाऊ इस्तेमी याने. इस्तेमीने इराणच्या सासानी सम्राट खुस्रोशी हातमिळवणी करून हेफ्थलाइटांचे राज्य मोडून काढले. भारतीय इतिहासात हूण म्हणून ओळखल्या जाणाऱ्या टोळ्यांशी ज्यांचे नाते सांगितले जाते, तेच हे हेफ्थलाइट. पुढे रेशमाच्या व्यापारावरून इराणशी बिनसले, तेव्हा मानियाख या सोग्दियन व्यापाऱ्याच्या नेतृत्वाखाली तुर्कांचे शिष्टमंडळ ५६८ मध्ये कॉन्स्टँटिनोपलला पोहोचले. चीनच्या सीमेपासून काळ्या समुद्राच्या परिसरापर्यंत एकाच घराण्याचा अंमल, हे दृश्य जगाने प्रथमच पाहिले.

या साम्राज्याचा व्यवहार केवळ तुर्की भाषेत चालत नव्हता, हे येथे ध्यानात घेतले पाहिजे. मंगोलियातील बुगुत येथे सापडलेला या घराण्याचा सर्वांत जुना शिलालेख सोग्दियन भाषेत आहे, आणि त्याच शिळेच्या एका बाजूचा मजकूर तर ब्राह्मी लिपीत कोरलेला आहे. मुकानचा भाऊ तास्पार खगान बौद्ध धर्माकडे झुकला होता आणि गांधारचा भिक्षू जिनगुप्त काही वर्षे त्याच्या आश्रयाला होता. व्यापार सोग्दियनांचा, लिपी सोग्दियन व भारतीय, धर्म आकाशदेवाचा आणि बुद्धाचाही, तलवार मात्र आशिनांची, अशी ही व्यवस्था होती. ६३०च्या सुमारास भारताकडे निघालेल्या ह्यूएनत्संगाने पश्चिम तुर्कांच्या खगानाची भेट घेतली आणि त्याच्या आश्रयपत्रांच्या बळावर पुढचा प्रवास केला. याच प्रवाशाने पुढे पुलकेशीच्या महाराष्ट्राचे वर्णन करून ठेवले, हे मराठी वाचकांना ठाऊक आहेच.

एवढे विशाल साम्राज्य फुटले ते मात्र बाहेरच्या आघाताने नव्हे, घरातल्या भांडणाने. आशिनांमध्ये सत्ता बापाकडून मुलाकडेच जाईल, असा नियम नव्हता; ती भावाकडे, मग पुतण्याकडे जाई. परिणामी प्रत्येक पिढीत दावेदारांची संख्या वाढत गेली. ५८१ मध्ये तास्पारच्या मृत्यूनंतर मुकानच्या मुलाचा हक्क, त्याची आई हलक्या कुळातली असल्याचे कारण देऊन, नाकारण्यात आला आणि यादवी पेटली. चीनमध्ये नुकत्याच सत्तेवर आलेल्या सुई घराण्याने या दुहीला पद्धतशीर खतपाणी घातले. पूर्व आणि पश्चिम असे दोन तुकडे कायमचे झाले. ६३० मध्ये पूर्वेकडील तुर्क तांग सम्राटाचे अंकित बनले आणि ६५७ मध्ये पश्चिमेकडील तुर्कांचीही तीच गत झाली.

पन्नास वर्षांच्या चिनी अंमलानंतर ६८२ मध्ये इल्तेरिश या आशिना वंशजाने बंड करून दुसरे तुर्क साम्राज्य उभे केले. त्याचे पुत्र बिल्गे खगान आणि कुल तेगिन यांच्या स्मरणार्थ ओर्खोन नदीच्या खोऱ्यात उभारलेले शिलालेख हा तुर्की भाषेतील पहिला मोठा लेखनठेवा मानला जातो. ७३२ च्या कुल तेगिन शिलालेखात बिल्गे खगानाने आपल्याच लोकांना खडसावले आहे: चिनी रेशमाला आणि गोड बोलण्याला भुलल्यामुळे, भावाभावांतील वैरामुळे तुम्ही स्वातंत्र्य गमावलेत. गंमत अशी की, याच शिळेच्या एका बाजूला तांग सम्राटाने पाठविलेला चिनी मजकूर कोरलेला आहे. इशारा ऐकायला फारसे कोणी उरले नाही. ७४५ च्या सुमारास उइघुर आणि त्यांच्या सहकारी टोळ्यांनी आशिनांची सत्ता संपविली.

यानंतर सुमारे अकराशे वर्षे हे शिलालेख विस्मृतीत गेले होते. १८८९ मध्ये रशियन संशोधक याद्रिन्त्सेव्ह यांनी ते शोधले आणि १८९३ मध्ये डॅनिश भाषाशास्त्रज्ञ विल्हेल्म थॉमसेन यांनी त्यांची लिपी उलगडली. ऑटोमन साम्राज्य मोडकळीस येत असताना, धर्माऐवजी वंश आणि भाषा यांवर राष्ट्र उभारू पाहणाऱ्या तुर्की विचारवंतांना जणू घबाड सापडले. नव्या प्रजासत्ताकाने १९२७ मध्ये काढलेल्या पाच लिरांच्या नोटेवर लांडगा अवतरला. तुर्की अध्यक्षांच्या मुद्रेवरील सोळा तारे हे सोळा तुर्की साम्राज्यांचे द्योतक मानले जातात आणि त्यांत आशिनांच्या साम्राज्याचा समावेश आहे. तुर्कस्तानच्या टेहळणी उपग्रहांचे नावही त्यांच्यावरूनच ‘गोकतुर्क’. त्यांतील एक उपग्रह २०१२ मध्ये चीनच्या भूमीवरून, चिनी अग्निबाणाने अवकाशात गेला, हा इतिहासाचा विनोदच म्हणायचा.

सोव्हिएत संघाच्या विघटनानंतर या स्मृतीला परराष्ट्र धोरणाचे अंग लाभले. २००९ मध्ये स्थापन झालेल्या तुर्की परिषदेचे २०२१ मध्ये ‘तुर्की राष्ट्र संघटना’ असे नामांतर झाले. तुर्कस्तान, अझरबैजान, कझाकस्तान, किरगिझस्तान आणि उझबेकिस्तान हे तिचे सदस्य. हंगेरी, तुर्कमेनिस्तान आणि फक्त तुर्कस्ताननेच मान्यता दिलेले उत्तर सायप्रस हे निरीक्षक. सप्टेंबर २०२४ मध्ये बाकू येथे चौतीस अक्षरांच्या समान लॅटिन वर्णमालेवर तज्ज्ञांचे एकमत झाले. त्याच वर्षी तुर्कस्तानच्या शिक्षण खात्याने पाठ्यपुस्तकांतून ‘मध्य आशिया’ हा शब्द काढून ‘तुर्किस्तान’ हा शब्द आणण्याचे ठरविले. मराठीत आपण ज्या देशाला तुर्कस्तान म्हणतो, त्याच्या नकाशात हे नाव आता हजारो मैल पूर्वेकडे सरकले आहे.

तथापि, आशिनांचा वारसा सांगणारे अंकारा हे एकमेव केंद्र नाही. नोव्हेंबर २०२१ मध्ये राष्ट्रवादी नेते देव्लेत बाहचेली यांनी एर्दोगान यांना तुर्की जगाचा नकाशा भेट दिला; त्यात रशियाचा मोठा भूभागही रंगविलेला होता. त्यावर क्रेमलिनच्या प्रवक्त्यांनी मार्मिक टिप्पणी केली की, तुर्की जगाचे केंद्र तुर्कस्तानात नसून अल्ताईत, म्हणजे रशियाच्या भूमीवर आहे. ओर्खोनचे शिलालेख उभे आहेत ते मंगोलियात, जेथील बहुसंख्य लोक तुर्की भाषिक नाहीत. तेथे तुर्कस्तानने उत्खनन केले, रस्ता आणि संग्रहालय बांधले. २०२२ मध्ये नोमगोन खोऱ्यात इल्तेरिश खगानाचा शिलालेख सापडल्याचे जाहीर झाले, तेव्हा त्या मोहिमेत मंगोलियन संशोधकांसोबत कझाकस्तानस्थित तुर्की अकादमी होती. भूतकाळाच्या उत्खननातही अशी स्पर्धा आहे.

चीनची भूमिका यात सर्वांत नाजूक आहे. शिनजियांगमधील उइघुर हे तुर्की भाषिक आहेत आणि ‘पूर्व तुर्किस्तान’ हा शब्द उच्चारणेही बीजिंगला मान्य नाही. अशा पार्श्वभूमीवर चिनी संशोधकांनी २०२३ मध्ये प्रसिद्ध केलेला एक अभ्यास लक्षणीय ठरतो. मुकान खगानाची कन्या चीनच्या उत्तर झोउ घराण्याच्या वू सम्राटाला दिली होती. ५८२ मध्ये निधन पावलेल्या या आशिना सम्राज्ञीच्या अवशेषांतील जनुकीय द्रव्य तपासले असता तिचा सुमारे ९८ टक्के वारसा ईशान्य आशियाई असल्याचे आढळले. आशिना मूळचे इराणी वा अन्य पश्चिमी वंशाचे असावेत, या मताला त्यामुळे धक्का बसला. एका व्यक्तीच्या अवशेषांवरून संपूर्ण साम्राज्याबद्दल निष्कर्ष काढता येत नाही, हे खरेच. परंतु त्याच अभ्यासाचा दुसरा निष्कर्ष अधिक महत्त्वाचा आहे. गवताळ प्रदेशात सापडलेले तुर्ककालीन लोक आपसांत जनुकीयदृष्ट्या बरेच भिन्न होते आणि तुर्की भाषा लोकांच्या स्थलांतरापेक्षा सांस्कृतिक प्रसारातून अधिक पसरली असावी, असे तो सुचवितो. थोडक्यात, आजच्या इस्तंबूलकराचे आणि आशिना खगानाचे नाते भाषेचे आणि स्मृतीचे आहे. रक्ताचे असलेच तर ते अत्यंत पातळ आहे.

रक्ताच्या नात्याची भाषा राजकारणात किती टिकते, याची कसोटी एप्रिल २०२५ मध्ये लागली. समरकंद येथे युरोपीय संघ आणि मध्य आशियाई देश यांची शिखर परिषद भरली. उत्तर सायप्रसच्या मान्यतेला विरोध करणाऱ्या सुरक्षा परिषदेच्या ठरावांचा तेथील संयुक्त घोषणापत्रात पुनरुच्चार झाला आणि त्यावर कझाकस्तान, उझबेकिस्तान, किरगिझस्तान व तुर्कमेनिस्तान यांनी मान डोलावली. कझाकस्तान आणि उझबेकिस्तान यांनी तर दक्षिणेकडील सायप्रसमध्ये राजदूत नेमण्याची पावले उचलली होती. युरोपची गुंतवणूक, कॅस्पियन समुद्रावरून जाणारा व्यापारमार्ग आणि रशिया-चीन यांच्यावरील अवलंबित्व कमी करण्याची निकड यांच्या तराजूत भाऊबंदकी हलकी ठरली. या देशांच्या राज्यकर्त्यांना एका ‘थोरल्या भावा’च्या जागी दुसरा थोरला भाऊ नको आहे, हे यातून स्पष्ट झाले.

भारतासाठी यातील बोध महत्त्वाचा आहे. मे २०२५ मधील लष्करी संघर्षात तुर्कस्तान आणि अझरबैजान यांनी पाकिस्तानची उघड पाठराखण केली. त्याचे पडसाद पुण्याच्या बाजारातही उमटले आणि तेथील व्यापाऱ्यांनी तुर्की सफरचंदांवर बहिष्कार टाकला. त्या संतापात ‘तुर्की जग’ हा भारतविरोधी एकसंध गट आहे, असे समजण्याचा मोह होऊ शकतो. मात्र त्यानंतर महिन्याभरातच, ६ जून २०२५ रोजी नवी दिल्लीत झालेल्या भारत-मध्य आशिया संवादात कझाकस्तान, उझबेकिस्तान, किरगिझस्तान, तुर्कमेनिस्तान आणि ताजिकिस्तान यांच्या परराष्ट्रमंत्र्यांनी पहलगामच्या दहशतवादी हल्ल्याचा तीव्र निषेध केला. यांपैकी पहिले दोन आणि किरगिझस्तान हे तुर्की राष्ट्र संघटनेचे सदस्य आहेत. एकाच लांडग्याचा वारसा सांगणारी राष्ट्रे दोन भिन्न दिशांना पाहू शकतात, आणि आपल्या मुत्सद्देगिरीला जागा आहे ती नेमकी तेथेच.

आशिनांचे साम्राज्य उभे राहिले ते निरनिराळ्या लोकांना त्यांच्या भाषा, धर्म आणि व्यापारासह सामावून घेतल्यामुळे; ते कोसळले ते एकाच रक्ताच्या माणसांना एकमेकांशी जुळवून घेता न आल्यामुळे. लांडग्याची खूण करणारे हात आज त्यातील पहिला अर्धा भाग विसरतात आणि दुसऱ्याचा मात्र गौरव करतात. बिल्गे खगानाने दगडात कोरून ठेवलेला इशारा ओर्खोनच्या खोऱ्यात अजूनही उभा आहे. तो आपल्यासाठीच आहे, असे त्याच्या वारसांपैकी किती जणांना वाटते, यावर तुर्की ऐक्याचे भवितव्य अवलंबून राहील.